औषधी वनस्पतींवरील पांढरी माशी : ओळख आणि निर्विष उपाय

वैद्याच्या अंगणात अथवा चिकित्सालयाच्या खिडकीत तुळस, अडुळसा, जास्वंद, एरंड, अश्वगंधा यांपैकी काही ना काही असतेच. एखाद्या सकाळी कुंडीला हात लागताच पानांखालून पांढऱ्या भुकटीसारखा थवा उडतो आणि क्षणार्धात पुन्हा पानांखाली दडतो. ही पांढरी माशी होय. अशा वेळी घाईने बाजारातील एखादे कीटकनाशक आणून फवारले जाते आणि हीच पाने पुढे काढ्यासाठी वा स्वरसासाठी खुडली जाणार आहेत, याचा विसर पडतो.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्यायात ग्राह्य औषधीचे वर्णन आहे. कृमी, विष, शस्त्र, ऊन, वारा, अग्नी, पाणी इत्यादींनी जिला बाधा पोहोचलेली नाही, अशी औषधी घ्यावी, असा त्याचा आशय. येथे कृमी आणि विष यांचा उल्लेख लागोपाठ आला आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कृमींच्या नाशासाठी विषाचा आश्रय केल्यास एक दोष घालवून दुसरा आणल्यासारखे होते. म्हणून या किडीचा परिचय करून घेऊन निर्विष मार्गाने तिचा बंदोबस्त करणे हे आपले कर्तव्य ठरते.

ओळख

नावात माशी असली तरी ही खरी माशी नव्हे. मावा, तुडतुडे, पिठ्या ढेकूण यांच्याच गणातील हा रसशोषक कीटक आहे. प्रौढ कीटक जेमतेम 1 ते 2 मिलिमीटर लांबीचा असून त्याच्या पंखांवर मेणासारखी पांढरी भुकटी असते. आपल्याकडे बेमिसिया टॅबॅकी ही जाती सर्वत्र आढळते. सर्पिल पांढरी माशी ही दुसरी जाती भारतात प्रथम 1993 मध्ये केरळात आढळली. ती पेरू, जास्वंद यांसारख्या झाडांच्या पानांखाली मेणाच्या वर्तुळाकार रेषांत अंडी घालते.

मादी पानाच्या खालच्या बाजूस अंडी घालते. अंड्यातून निघालेले पिल्लू थोडे सरपटते आणि एका जागी सोंड रोवून बसते. त्यानंतर ते चपट्या, फिकट खवल्यासारखे दिसते व सहज नजरेस पडत नाही. उबदार हवेत अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास सुमारे 3 आठवड्यांत पुरा होतो. पिठ्या ढेकूण किंवा भुरी रोग यांच्याशी गल्लत होत असल्यास फांदी हलवून पाहावी. ते दोन्ही उडत नाहीत. भिंगातून पानाची खालची बाजू पाहिल्यास संशय उरत नाही.

अपाय

रसशोषणाने पाने पिवळी पडतात, आकसतात व गळतात. कीटकाने टाकलेल्या गोड, चिकट स्रावावर काळी बुरशी वाढून पान काजळल्यासारखे होते. असे पान औषधार्थ घेऊ नये. शिवाय ही माशी विषाणूंची वाहक आहे. भेंडीच्या शिरा पिवळ्या पाडणारा केवडा रोग हिच्यामुळेच पसरतो. विषाणूग्रस्त रोपास उपचार नाही, ते उपटून नष्ट करावे.

रासायनिक फवारणी का नको

इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही कीटकनाशके वनस्पतीच्या रसात भिनतात, त्यामुळे पाने धुतली तरी ती निघून जात नाहीत. तुळशीच्या मंजिऱ्यांवर येणाऱ्या मधमाश्यांनाही ती घातक आहेत. शिवाय या माशीने अनेक रसायनांविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळवली आहे. 2015 मध्ये पंजाबात वारंवार फवारण्या करूनही हिने कापसाच्या पिकाचे अतोनात नुकसान केले. विषाने ढालकिडे, क्रायसोपा, एन्कार्सिया हे तिचे नैसर्गिक शत्रू मात्र मरतात.

उपाय

1. निदानपरिवर्जन : कुंड्यांची दाटी, कोंदट हवा आणि नत्रयुक्त खतांचा अतिरेक टाळावा. कोवळी, रसरशीत पाने या किडीस विशेष प्रिय आहेत. नवीन रोप 2 ते 3 आठवडे वेगळे ठेवून मगच इतरांत मिसळावे.

2. शोधन : अधिक ग्रस्त पाने खुडून पिशवीत बंद करावीत. उरलेल्या पानांची खालची बाजू पाण्याच्या धारेने धुवावी. घरातील कुंड्यांना पाऊसवारा लागत नाही आणि तेथे कीटकशत्रूही नसतात. त्यामुळे हा उपाय तेथे विशेष आवश्यक आहे.

3. पिवळे सापळे : पिवळ्या पत्र्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्याला एरंडेल लावून तो झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर टांगावा. पिवळ्या रंगाकडे आकर्षित झालेल्या माश्या त्यास चिकटतात.

4. निंब : 50 ग्रॅम निंबोळ्या भरडून 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात. सकाळी फडक्याने गाळून त्यात थोडे रिठ्याचे पाणी मिसळावे. अर्क त्याच दिवशी वापरावा. निंबोळ्या नसतील तर 1 लिटर पाण्यात 5 मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडे रिठ्याचे पाणी चालते. प्रथम 2-3 पानांवर फवारून दोन दिवस पाहावे. निंबातील अझाडिरॅक्टिन उन्हाने नाश पावते, म्हणून फवारणी सायंकाळी व पानाखालून करावी.

निंबाचा परिणाम मुख्यतः पिल्लांवर होतो, तर अंडी बहुधा बचावतात. त्यामुळे एका फवारणीने समाधान मानू नये. दर 6-7 दिवसांनी 3 ते 4 वेळा ती करावी. या काळात व त्यापुढे आठवडाभर पाने औषधासाठी न खुडणे इष्ट, आणि नंतरही ती स्वच्छ धुऊनच घ्यावीत.

समारोप

‘घरच्या तुळशीची पाने घ्या’ असे आपण रुग्णास सहज सांगतो. ‘तिच्यावर काय फवारले आहे?’ हा प्रश्न मात्र क्वचितच विचारतो. खोकल्याने बेजार झालेल्या बालकास आपण देववितो तो स्वरस निर्विष असला पाहिजे. यापुढे अनुपान सांगतानाच हा एक प्रश्नही विचारण्याचा परिपाठ वैद्यबंधुभगिनींनी ठेवावा, अशी नम्र विनंती आहे.