हेब्बाळचे घर आणि घराबाहेरचे मूल्य : कन्नड-मराठी शब्दव्यवहाराच्या आधारे एक विचार

शहरातील घरांच्या किमतींचा विचार सामान्यतः अर्थशास्त्राच्या व नगररचनेच्या कक्षेत केला जातो. परंतु एखाद्या जागेला किंमत येण्यापूर्वी ती जागा राहण्याजोगी आहे अशी कल्पना समाजमनात रुजावी लागते, आणि ही कल्पना भाषेतून घडते. जागेचे नाव, जमिनीच्या हक्काची परिभाषा, गृहसंकुलांची नावे, भाडेकराराचे शब्द या सर्वांतून वसतीची एक संहिता तयार होत असते. ती वाचण्याचे काम तौलनिक साहित्याच्या अभ्यासकालाही करता येते. प्रस्तुत लेखात बंगळूरच्या उत्तर भागातील हेब्बाळ या वसाहतीचा अशा दृष्टीने विचार केला आहे. बंगळूरची अनुभवभूमी कन्नड असली, तरी जमीन व महसूल यांविषयीच्या तेथील कित्येक शब्दांचे मराठीशी नाते आहे. त्यामुळे मराठी वाचकाला ही संहिता पूर्णपणे परकी वाटत नाही.

1. स्थलनामाचा पुरावा

हेब्बाळ हे नाव आज उड्डाणपूल, वाहतुकीची कोंडी आणि बहुमजली इमारती यांच्याशी जोडले गेले आहे. त्याचा इतिहास मात्र बाराशे वर्षांहून जुना आहे. 2018 मध्ये येथे खोदकाम चालू असताना एक वीरगळ सापडला. गंग राजा श्रीपुरुष याच्या कारकिर्दीतील, इ. स. 750 च्या सुमाराचा हा कन्नड लेख बंगळूर परिसरातील अतिप्राचीन लेखांत गणला जातो. गावावर चालून आलेल्या शत्रूशी लढताना कित्तय्य नावाचा वीर कामी आला, अशी नोंद त्यात आहे. चालून येणाऱ्यांचा उल्लेख रट्टांच्या, म्हणजे राष्ट्रकूटांच्या पक्षाकडे निर्देश करतो. राष्ट्रकूटांचा इतिहास महाराष्ट्राशी निगडित असल्याने मराठी अभ्यासकाला हा तपशील विशेष वाटावा.

लेखात या प्रदेशाचे नाव ‘पेर्बोळल्-नाडु’ असे येते आणि त्यापुढे तीस हा आकडा येतो. तो या विभागातील गावांच्या संख्येचा निदर्शक आहे. ‘पेर्’ म्हणजे मोठे आणि ‘पोळल्’ म्हणजे नगर. प्राचीन कन्नडातील शब्दारंभीच्या ‘प’काराचा पुढे ‘ह’कार झाला. ‘पाल्’चा ‘हालु’ (दूध) झाला, त्याच नियमाने ‘पेर्बोळल्’पासून ‘हेब्बाळ’ हे रूप सिद्ध होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस जे खेडे शहराच्या सीमेवरचे म्हणून ओळखले जात होते, त्याच्या नावाचा अर्थ मुळात ‘मोठे नगर’ असा आहे. हेब्बाळ ही शहराने अलीकडे निर्माण केलेली वसाहत आहे, हा समज नावाच्या व्युत्पत्तीपाशीच ढासळतो.

2. आकर्षणाची घडण

हेब्बाळमध्ये राहावेसे का वाटते, या प्रश्नाची प्रचलित उत्तरे तीन आहेत : तलाव, मोकळी हवा आणि रस्ता. या तिन्हींची निर्मिती कोणी व कशासाठी केली, हे पाहणे उद्बोधक आहे.

हेब्बाळचा तलाव सोळाव्या शतकात केंपेगौडाने बांधविला, असे परंपरा मानते. बंगळूर सुमारे 900 मीटर उंचीच्या पठारावर वसले आहे आणि त्याच्याजवळून बारमाही नदी वाहत नाही. पावसाचे पाणी बांध घालून अडवायचे, एका तलावाचे जादा पाणी कालव्याने दुसऱ्या तलावात सोडायचे, या पद्धतीवर येथील शेती उभी होती. कन्नडात तलावाला ‘केरे’, जादा पाणी सोडणाऱ्या सांडव्याला ‘कोडी’, पाणी सोडण्याच्या मोरीला ‘तूबु’, मुख्य प्रवाहमार्गाला ‘राजकालुवे’ आणि पाण्याची पाळी ठरवून वाटप करणाऱ्या गावकामगाराला ‘नीरुगंटी’ म्हणतात. खानदेशातील फड पद्धतीतला पाटकरी हा या नीरुगंटीचा जवळचा भाऊबंद होय. दोघांच्याही अस्तित्वामागे एकच गृहीत आहे : पाणी कोणा एकाचे नाही, म्हणून ते वाटून देणारा माणूस हवा.

मोकळ्या हवेचा इतिहासही असाच सार्वजनिक आहे. 1899 मध्ये म्हैसूरच्या राजप्रतिनिधी महाराणी केंपनंजम्मणी यांनी हेब्बाळ येथे 30 एकर जमीन प्रायोगिक शेतीकेंद्रासाठी दिली. लेहमान आणि त्यांच्यानंतर लेस्ली कोलमन या शास्त्रज्ञांनी तेथे काम केले. 1913 मध्ये कृषिशाळा, 1946 मध्ये कृषिमहाविद्यालय, 1958 मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि 1964 मध्ये कृषिविद्यापीठ अशी या परिसराची वाढ होत गेली. नाचणी, ऊस, कडधान्ये यांवरील संशोधनासाठी राखलेली ही जमीन बिल्डरांच्या हाती गेली नाही, म्हणून उत्तर बंगळूरात झाडी टिकली. आज खिडकीतून दिसणाऱ्या हिरवाईची किंमत घराच्या दरात मोजली जाते. तिची देखभाल मात्र शतकभर सार्वजनिक खर्चाने झाली आहे.

तिसरे आकर्षण रस्त्याचे. बल्लारी रस्ता आणि बाह्य वळणरस्ता यांच्या छेदावर 2003 मध्ये उड्डाणपूल झाला. 24 मे 2008 रोजी देवनहळ्ळीजवळचा नवा विमानतळ सुरू झाला आणि त्याकडे जाणाऱ्या मार्गाचे प्रवेशद्वार हेब्बाळ ठरले. जवळच नागवारा येथे माहिती-तंत्रज्ञानाचे मोठे संकुल उभे राहिले. एका बाजूला कार्यालय, दुसऱ्या बाजूला विमानतळ आणि मध्ये तलाव अशी ही मांडणी मध्यमवर्गीय व उच्च मध्यमवर्गीय नोकरदाराला अनुकूल होती. घरांच्या किमती चढल्या त्या या मांडणीमुळे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, तिन्ही आकर्षणे घराच्या भिंतींबाहेरची आहेत. ग्राहक पैसे देतो ते चौरस फुटांचे. त्याला हवे असते ते चौरस फुटांत न मावणारे.

3. हक्काचे शब्द

बंगळूरच्या इतिहासात संपूर्ण ठाणेच व्यवहाराचा विषय झाल्याचे उदाहरण आहे. 1638 मध्ये विजापूरच्या सैन्याने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या बंगळूर येथील दरबारात जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’ हे बहुभाषिक काव्य रचले, हे वि. का. राजवाडे यांच्या संपादनामुळे मराठी अभ्यासकांना परिचित आहे. पुढे एकोजीराजांनी हे ठाणे तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला देण्याची बोलणी केली. ती पुरी होण्यापूर्वी 1687 मध्ये मोगल सरदार कासीमखानाने बंगळूर जिंकले आणि तेवढ्याच रकमेला ते चिक्कदेवराजाच्या स्वाधीन केले. विकणारा बदलला, ताबा बदलला, किंमत तीच राहिली. मालकी, ताबा आणि किंमत या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा बंगळूरच्या घरबाजाराने आजही सोडलेला नाही.

त्याची साक्ष बाजारातील शब्दच देतात. बंगळूरात भूखंडाला सर्रास ‘साइट’ म्हणतात. 30 फूट बाय 40 फूट म्हणजे 1200 चौरस फुटांची साइट हे तेथील मध्यमवर्गीय स्वप्नाचे परिमाण आहे. 1976 मध्ये स्थापन झालेल्या बंगळूर विकास प्राधिकरणाने आखून दिलेली साइट वेगळी आणि शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेली ‘रेव्हेन्यू साइट’ वेगळी. पुणेकर ज्याला ‘एन. ए. प्लॉट’ म्हणतो, त्याला बंगळूरकर ‘डी. सी. कन्व्हर्जन’ झालेली साइट म्हणतो. जमीन शेतीच्या नोंदीतून बाहेर पडल्याशिवाय तीवर निर्धास्तपणे घर बांधता येत नाही, ही अट दोन्हीकडे सारखीच आहे. मराठीतील ‘गावठाण’ आणि कर्नाटकातील ‘ग्रामठाण’ हे तर उघडच सख्खे शब्द आहेत.

‘खाते’ हा शब्द मराठी वाचकाला फसवू शकतो. मराठीत खातेदार म्हटले की जमिनीशी हक्काने जोडलेला मनुष्य डोळ्यांसमोर येतो. बंगळूरात ‘खाता’ ही महापालिकेच्या करनोंदवहीतील नोंद आहे. ती स्वतः मालकी सिद्ध करीत नाही. 2007 मध्ये आसपासच्या नगरपालिका व 110 गावे सामावून बृहत् महानगरपालिका झाली, तेव्हा नियमांत न बसणाऱ्या असंख्य मालमत्ता शहरात आल्या. त्यांच्याकडून कर घेण्यासाठी वेगळी नोंदवही ठेवली गेली आणि ‘ए खाता’ व ‘बी खाता’ असा भेद लोकभाषेत रूढ झाला. हेब्बाळच्या एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी असलेल्या दोन सारख्या घरांच्या किमतींत या एका अक्षराने मोठा फरक पडू शकतो. कर्ज मिळणे, बांधकामाची परवानगी मिळणे, पुढे घर विकता येणे या सर्व गोष्टी त्या अक्षराशी बांधलेल्या असतात.

भाड्याच्या व्यवहारातील ‘भोग्य’ हा शब्द याहून अर्थपूर्ण आहे. भाडेकरू घरमालकाला एकरकमी मोठी रक्कम देतो, ठरलेली मुदत मासिक भाडे न देता राहतो आणि घर सोडताना रक्कम परत घेतो. रकमेच्या वापराचा लाभ मालकाला, घराचा भोग भाडेकरूला. मुंबईत ‘हेवी डिपॉझिट’ म्हणून चालणारा व्यवहार याच्याशी मिळताजुळता आहे. मुंबईची पागडी मात्र वेगळी : तीत दिलेली रक्कम परत येत नाही, उलट भाडेकरू हळूहळू अर्धा मालक होतो. मराठी प्रशासनभाषेनेही ‘भोगवटादार’, ‘भोगवटा प्रमाणपत्र’ या शब्दांत हीच धातुसंपत्ती जपली आहे. मालक असणे आणि भोग घेणे यांत दोन्ही भाषा भेद करतात, हे पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

4. तलावाचा भोग कोणाचा?

हेब्बाळ परिसरातील काही गृहसंकुलांच्या नावांत ‘लेक टेरेसेस’, ‘वुड्समन इस्टेट’, ‘रेनट्री बुलेव्हार्ड’ असे शब्द आढळतात. तलाव, वन आणि वृक्ष यांचे आवाहन तिन्हींत आहे, परंतु ‘केरे’ हा शब्द एकातही नाही. ‘केरे’ म्हटले की शेत, चिखल, गुरे, कोळी, धोबी आणि नीरुगंटी येतात. ‘लेक’ म्हटले की केवळ दृश्य उरते. हे भाषांतर निरुपद्रवी नाही. ज्या वस्तूचा उपयोग गावाने करायचा होता, ती पाहण्याची वस्तू झाली. आणि पाहण्याच्या वस्तूभोवती तिकीट-खिडकी बसविणे सोपे असते.

तसे घडलेही. 2002 मध्ये स्थापन झालेल्या सरोवर विकास प्राधिकरणाने काही तलाव दीर्घ मुदतीच्या कराराने खासगी संस्थांकडे सोपविले. त्यांत हेब्बाळचा तलाव एका हॉटेल-कंपनीकडे गेला. देखभाल त्यांनी करावी आणि त्या बदल्यात व्यावसायिक लाभ घ्यावा, अशी योजना होती. 2008 मध्ये याविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. न्यायमूर्ती एन. के. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2011 मध्ये अहवाल दिला आणि 2012 मध्ये न्यायालयाने तलावांच्या संरक्षणाविषयी विस्तृत निर्देश दिले. तलाव सरकारच्या ताब्यात असला तरी सरकार त्याचे विश्वस्त आहे, मालक नव्हे, हा या वादातील मूळ मुद्दा होता. ‘भोग्य’ आणि ‘मालकी’ यांतील जो भेद घरभाड्याच्या करारात पाळला जातो, तोच पाण्याच्या बाबतीत पाळावा, असे त्याचे सार सांगता येईल.

दुसरा वाद अंतराचा होता. 2007 च्या नगर-आराखड्याने तलावाभोवती 30 मीटरचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले होते. 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ते अंतर 75 मीटर केले. मार्च 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लवादाचा तो आदेश रद्द ठरविला. ज्या शहरात तलावासमोरचे घर अधिक दराने विकले जाते, तेथे 45 मीटरच्या या फरकाचा अर्थ विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही.

यातील अंतर्विरोध असा की, तलावाकडे येणारे पाणी राजकालुव्यांतून येते आणि तलावाच्या दर्शनासाठी उभ्या राहिलेल्या वस्तीचा पहिला भार या कालव्यांवरच पडतो. ते बुजले किंवा सांडपाण्याने भरले की तलावाचे दृश्यही टिकत नाही आणि जोराच्या पावसात पाणी आपली जुनी वाट शोधत रस्त्यावर येते. दरम्यान पिण्याचे पाणी सुमारे 100 किलोमीटरवरून, जवळपास 500 मीटर वर चढवून, कावेरीहून आणावे लागते. 2024 च्या उन्हाळ्यात शहराने तीव्र पाणीटंचाई अनुभवली. हेब्बाळ-नागवारा खोऱ्यातील सांडपाणी प्रक्रिया करून शेजारच्या जिल्ह्यांतील कोरड्या तलावांकडे नेण्याची योजना आता अस्तित्वात आहे. एके काळी आपल्या शिवारातील शेते भिजविणारे खोरे आता दुसऱ्यांच्या तलावांसाठी पाणी पाठवते, ते शहराने वापरून झाल्यावर.

5. उपसंहार

मराठी साहित्याने घराचा विचार प्रामुख्याने आतून केला. वाडा आणि चाळ या दोन्ही वास्तूंत माणसे एकमेकांशी कशी बांधलेली असतात, हा तेथील मुख्य प्रश्न आहे. जुन्या म्हैसूर प्रांतातील ‘वठार’, म्हणजे सामाईक अंगणाभोवती भाडेकरूंच्या खोल्यांची ओळ, हाही त्याच कुळातला. अंगण, नळ आणि विहीर सामाईक असल्याने सामाईक म्हणजे काय, हे तेथे रोजच्या भांडणांतून आणि तडजोडींतून शिकले जाई. हेब्बाळच्या बहुमजली घरांत सामाईक वस्तू नाहीशी झालेली नाही. ती कुंपणाबाहेर गेली आहे. तलाव, झाडी, हवा आणि पाण्याची वाट ही आजच्या घराचे अंगण आहे. त्यासाठी किंमत मोजलेली असते, परंतु खरेदीखतात त्याचा उल्लेख नसतो आणि म्हणून त्याची जबाबदारीही कोणाच्या नावे चढत नाही.

‘लेक’ या शब्दामागे दडलेली ‘केरे’ वाचता येणे, ही म्हणूनच केवळ भाषिक जिज्ञासा नाही. घर घेताना खाता कोणता, हे विचारण्याची सवय बंगळूरच्या रहिवाशाला आहे. राजकालुवे कोठून जातो आणि कोडीचे पाणी कोठे उतरते, हे त्याच बैठकीत विचारले जाऊ लागेल, तेव्हा हेब्बाळच्या आकर्षणाला आधार देणाऱ्या गोष्टी व्यवहाराच्या भाषेत परत येतील. आठव्या शतकातील वीरगळ गावासाठी पडलेल्या माणसाचे नाव सांगतो. त्याने राखलेले गाव तीस गावांच्या नाडूचे मुख्य होते. त्या मोठ्या नगरात आज घराची किंमत अचूक सांगता येते. घराबाहेरच्या वाट्याचा हिशेब मात्र अद्याप कोणत्याही खात्यावर नोंदलेला नाही.