'इट' म्हणजे तो, ती की ते?

बंगळूरूच्या पूर्व भागातील के. आर. पुरम, म्हणजेच कृष्णराजपुरम, येथे जुन्या मद्रास रस्त्याची वाहतूक रेल्वेमार्गावरून नेणारा, तारांच्या आधारावर तोललेला पूल आहे. स्थानिक लोक त्यास 'हँगिंग ब्रिज' म्हणतात. समजा, या पुलाविषयी इंग्रजीतून वृत्त आले : 'द बस स्टॉप्ड ऑन द ब्रिज बिकॉज इट वॉज डॅमेज्ड'. नादुरुस्त काय झाले होते, बस की पूल?

इंग्रजीत निर्जीव वस्तूंसाठी सर्वसाधारणपणे 'इट' हे एकच सर्वनाम आहे. कन्नडमध्येही 'अवनु' आणि 'अवळु' ही सर्वनामे माणसांसाठी असून वस्तूंसाठी 'अदु' वापरतात. त्यामुळे कन्नड अनुवादात मूळची संदिग्धता तशीच राहू शकते. मराठीत मात्र बस 'ती', पूल 'तो' आणि इंजिन 'ते'. 'ती नादुरुस्त झाली होती' असे लिहिल्यास बातमी एका वाहनापुरती राहते. 'तो नादुरुस्त झाला होता' असे लिहिल्यास ती पुलाच्या सुरक्षिततेची बातमी होते. सर्वनाम गाळले, तरी क्रियापद लिंग उघड करतेच.

इंग्रजीही पूर्वी अशीच होती. प्राचीन इंग्रजीत वस्तूंनाही तीन लिंगे होती. ती पुढे लोप पावली. 'इट्स' हे रूप तर सोळाव्या शतकाच्या अखेरीस रूढ होऊ लागले. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये वस्तूंसाठी 'हिज' आढळते. जहाजाला 'शी' म्हणण्याची प्रथा मात्र टिकून राहिली. १७३४ मध्ये सुरू झालेल्या 'लॉइड्स लिस्ट' या नौकानयनविषयक वृत्तपत्राने २००२ मध्ये 'शी' सोडून 'इट' स्वीकारले, तेव्हा त्यावर बराच वाद झाला. मराठी अनुवादकास या 'शी'चा मोह टाळावा लागतो, कारण मराठीत जहाज 'ते' आणि नौका 'ती'.

संदिग्ध 'इट'साठी नामाची पुनरुक्ती करावी, हा नेहमीचा उपाय. वाक्य थोडे जड होते, पण चालते. मात्र कोणते नाम, हे आधी ठाऊक हवे. 'नादुरुस्तीमुळे बस पुलावर थांबली' हे वाक्य तटस्थ भासते. वाचक त्यातून बसचीच नादुरुस्ती समजतो. म्हणून वार्ताहराकडून खुलासा येईपर्यंत 'बस पुलावर थांबली' एवढेच लिहावे आणि कारण पुढील वृत्तासाठी राखून ठेवावे.