विश्लेषण : जुने शोकेस, दिवाण, कपाट फेकावे की वापरावे? पाणी भरणाऱ्या कुर्ल्यात काय टिकते?

पुनर्वसनाच्या इमारतीत घराची चावी मिळाली की कुर्ल्यातल्या कुटुंबापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो जुन्या सामानाचा. चाळीतले शोकेस लिफ्टमध्ये मावत नाही. मावलेच तर ठेवायचे कुठे? भंगारवाला लोखंडाला भाव देतो, लाकडाकडे वळूनही बघत नाही. शेवटी सुताराला बोलावून त्यातूनच काही करून घेण्याचा विचार सुरू होतो. शाळेत हस्तकलेच्या तासाला आपण त्याला ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणायचो, आता त्याचे नाव ‘अपसायकलिंग’ झाले आहे.

जागा किती, सामान केवढे?

झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील घर आधी २२५ चौरस फुटांचे होते, पुढे २६९ आणि आता ३०० चौरस फुटांचे झाले. वाढ झाली, पण त्यातच स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शौचालय बसते. जुन्या घरांत भिंतीतले फडताळ, कोनाडे आणि पोटमाळा हीच साठवण होती. नव्या घरांच्या पातळ भिंतींत ती सोय नाही, त्यामुळे सगळा भार फर्निचरवर येतो.

यात सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे टीव्हीचे शोकेस. जाडजूड पाठीच्या जुन्या टीव्हीसाठी त्याचा मधला खण चांगला खोल केलेला असतो. टीव्ही भिंतीवर गेला आणि तो खण मोकळा पडला. त्यात दोन फळ्या आणि पुढे दार बसवले की पांघरुणे, धान्याचे डबे, मुलांची दप्तरे सहज मावतात. दिवाणाची वरची फळी बिजागरीवर घेतली तर खालची पोकळी पेटीसारखी वापरता येते. मोडक्या टेबलाचे खण फेकू नयेत. चार लहान चाके लावली की ते पलंगाखाली सरकतात.

पाण्याचा हिशोब का महत्त्वाचा?

कारण हे कुर्ला आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला आणि मिठी नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या. १९ ऑगस्ट २०२५ रोजी मिठीची पातळी वाढल्याने क्रांतीनगरातील रहिवाशांना पुन्हा सुरक्षित ठिकाणी हलवावे लागले. तळमजल्यावरच्या घरात कोणती वस्तू वाचवायची हे तिच्या देखणेपणापेक्षा ती कशाची बनली आहे यावर ठरते.

ओळखायची रीत सोपी आहे. जिथे कड उघडी पडली आहे किंवा स्क्रू निघाला आहे, तिथे बारकाईने पाहा. पापुद्र्यांसारखे थर दिसले तर प्लायवूड, भुशाचे जाड दाणे दिसले तर पार्टिकल बोर्ड, पिठासारखे एकसंध दिसले तर एमडीएफ. पार्टिकल बोर्ड एकदा पाणी पिऊन फुगला की वाळवून, ठोकून पूर्ववत होत नाही. त्यावर मजुरी घालणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. प्लायवूड सावलीत पूर्ण वाळवून बोटाने ठोकावे. पोकळ आवाज आला तर थर सुटले आहेत. नवीन फळी घ्यायचीच असेल तर खालच्या भागासाठी ‘आयएस ७१०’ शिक्क्याचे मरीन प्लाय घ्यावे. सागवान मात्र यातून बहुधा सुखरूप निघतो. चाळीच्या जुन्या सागवानी दाराची फळी हाती लागली तर ती सोडू नये.

पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते. त्यात भिजलेली गादी, फोम किंवा सोफ्याची बैठक घरात परत घेऊ नये, मग सांगाडा कितीही चांगला असो.

लोखंडी कपाटाचा तळ आधी गंजतो. तारेच्या ब्रशने गंज काढून रेड ऑक्साइड प्रायमर आणि त्यावर ऑइल पेंट द्यावा. तळच सडला असेल तर कपाट लोखंडी अँगलच्या चौकटीवर उभे करावे. चौकट सहा-आठ इंच उंच असली तर घोटाभर पाणी आले तरी खालचा खण कोरडा राहतो. २००५ सारख्या दिवशी मात्र तिचा उपयोग नाही.

घरी करताना कुठे चुकते?

बिजागरी पुन्हा त्याच छिद्रात बसवली जाते आणि महिन्याभरात दार लोंबते. जुने छिद्र लाकडी खुंटी व फेविकॉलने बुजवावे किंवा बिजागरी दोन इंच वर-खाली सरकवावी. लांब फळीला मधे आधार दिला जात नाही, हीसुद्धा नेहमीची चूक. १८-१९ मिमी प्लाय अडीच-तीन फुटांपर्यंत ठीक. पार्टिकल बोर्डला त्याहून कमी अंतरावर आधार हवा, नाहीतर डब्यांच्या वजनाने तो वाकतो.

खरा धोका जुन्या रंगात आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारा केंद्राचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या दाराला किंवा कपाटाला कोरडा पॉलिश पेपर मारला तर शिसे असलेली धूळ घरभर पसरू शकते, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिसे घातक असते. घासकाम पाणी लावून, मास्क घालून, मुलांना दूर ठेवून करावे. नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे. शक्यतो घराबाहेरच घासावे.

भिंतीला बांधायचे का?

उंच कपाट असेल तर हो. खणांची कपाटे कोसळून मुलांचे मृत्यू झाल्यानंतर आयकिया कंपनीने २०१६ मध्ये अमेरिकेत सुमारे २ कोटी ९० लाख कपाटे परत मागवली होती. आपल्याकडे जुन्या कपाटाला नवे पाय लावून ते उंच केले जाते, म्हणजे ते आणखी डगमगते. वरच्या बाजूला दोन एल पट्ट्या, खाली जड सामान आणि वर हलके, एवढे केले तरी पुष्कळ. भिंत पातळ असेल तर फळ्या भिंतीला टांगू नयेत. वजन जमिनीवर द्यावे.

घरात मावले नाही म्हणून चपलांचे कपाट जिन्यात किंवा लॉबीत ठेवण्याची पद्धत पुनर्वसनाच्या इमारतींत सर्रास दिसते. आग लागली की बाहेर पडण्याचा तोच रस्ता असतो, तो मोकळा ठेवावा लागतो. जे वापरता येणार नाही ते नाल्याकाठीही टाकू नये. नालेसफाईत गाळासोबत गाद्या आणि सोफे निघतात, आणि ते अडकले की तुंबलेले पाणी आधी तळमजल्यावरच्याच घरात शिरते. मोठे सामान टाकण्यापूर्वी महापालिकेच्या एल विभाग कार्यालयात ते उचलून नेण्याबाबत विचारणा करावी.