तेलाच्या फुलावरची कोकीळमाशी

कोकिळा ज्याप्रमाणे कावळ्याच्या घरट्यात अंडे घालून पिलाच्या संगोपनाचा भार त्याच्यावर टाकते, त्याचप्रमाणे मधमाश्यांच्या अनेक जाती स्वतः घरटे न बांधता आणि परागकण न गोळा करता दुसऱ्या मधमाशीने आपल्या अळीसाठी साठवलेल्या अन्नावर आपली संतती वाढवतात. या प्रकाराला अन्नचोर परजीविता म्हणता येईल. जिचे अन्न चोरले जाते ती माशी ‘पोशिंदा’ ठरते आणि चोरी करणारी ती कोकीळमाशी. कावळा निदान परक्या पिलाला भरवतो. येथे मात्र पोशिंद्याच्या घरट्यातील कप्प्यात अंड्यासाठी शिधा आधीच भरून ठेवलेला असतो, आणि तो बळकावण्यासाठी पोशिंद्याचे अंडे वा अळी मारली जाते. हे काम काही वंशांत परजीवी माता करते, तर काहींत कोयत्यासारख्या जबड्यांची तिची अळी. भारतातही निळ्या पट्ट्यांच्या अमेजिला मधमाश्यांवर जगणाऱ्या थायरिअस वंशातील कोकीळमाश्या आढळतात. परंतु उत्तर अमेरिकेतील एपिओलॉइडिस पिलोस्युलस ही जाती ज्या नाजूक साखळीच्या टोकाला लटकलेली आहे, ती साखळी समजल्यावाचून तिच्या दुर्मिळतेचा उलगडा होत नाही.

या साखळीची पहिली कडी म्हणजे लायसिमाकिया ही पाणथळ जागी वाढणारी, पिवळ्या फुलांची वनस्पती. तिच्या फुलांत मकरंद नसतो. पाकळ्यांच्या व पुंकेसरांच्या बुडाशी असलेल्या सूक्ष्म ग्रंथियुक्त रोमांतून मात्र तेल पाझरते. फुले तेलही देतात, हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ श्टेफान फोगल यांनी १९६९ मध्ये प्रथम दाखवून दिले. लायसिमाकियाच्या तेलावर अवलंबून असलेली मॅक्रॉपिस ही जमिनीत बीळ करून एकेकटी राहणारी मधमाशी ही साखळीची दुसरी कडी होय. तिच्या पायांवरील दाट, मखमली केसांत तेल टिपकागदासारखे शोषले जाते. परागकणांत ते कालवून ती अळीचे अन्न तयार करते आणि त्याच तेलाचा लेप कप्प्याच्या भिंतींना देऊन ओल्या जमिनीतही आतला साठा कोरडा राखते. स्वतःच्या पोटासाठी लागणारा मकरंद तिला आसपासच्या दुसऱ्या फुलांकडून मिळवावा लागतो. एपिओलॉइडिस पिलोस्युलस या मॅक्रॉपिसच्याच घरट्यांवर जगते आणि अशा रीतीने वनस्पती, पोशिंदा व परजीवी यांची तीनपदरी बांधणी पूर्ण होते.

म्हणूनच या माशीचा शोध माशीपासून सुरू होत नाही. निरीक्षक प्रथम लायसिमाकियाचे मोठे ताटवे शोधतात, नंतर ऐन उन्हाळ्यात ती फुललेली असताना तेथे मॅक्रॉपिस येते का हे पाहतात, आणि ती पुरेशा संख्येने आढळली तरच परजीवीची आशा धरतात. हाती जाळे घेऊन फुलाफुलावर लक्ष ठेवण्याबरोबरच पांढऱ्या, पिवळ्या व निळ्या वाडग्यांत साबणाचे थोडे थेंब टाकलेले पाणी भरून ते जमिनीवर मांडले जातात. रंगाला फूल समजून उतरलेली माशी त्यात बुडते, कारण साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण मोडलेला असतो. अर्थात ही पद्धत माशीचा जीव घेते, तेव्हा जाती जितकी विरळ तितका तिचा वापर जपून करावा लागतो. पुढची ओळख भिंगाखाली पटते: मादीच्या मिशांना १२ व नराच्या मिशांना १३ खंड असतात, आणि परागकण वाहण्यासाठी लागणारी केसांची दाट झालर कोकीळमाशीच्या मादीला नसते, कारण तिला काही वाहून न्यायचेच नसते.

अनेक दशके न दिसल्यामुळे ही जाती नामशेष झाल्याची शंका बळावली असताना २००२ मध्ये कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात ती पुन्हा सापडली, तर २००६ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात तिची नोंद झाली. कॅनडातील संकटग्रस्त वन्यजीवांच्या स्थितीचा आढावा घेणाऱ्या समितीने २०११ मध्ये तिला ‘धोक्यातील’ ठरवले. कनेक्टिकटमधील नोंदीचे स्थळ बोधप्रद आहे: ते राखीव अरण्य नव्हते, तर उच्चदाबाच्या वीजवाहिन्यांखालचा पट्टा होता. तारांना धोका नको म्हणून तेथे उंच झाडे वाढू दिली जात नाहीत, त्यामुळे सूर्यप्रकाश पोहोचतो, झुडपे व फुलझाडे टिकतात आणि बिळे करण्याजोगी मोकळी जमीन उरते. त्याच पट्ट्यावर सरसकट तणनाशक फवारले किंवा फुलोऱ्याच्या काळात कापणी केली, तर तोच आसरा नाहीसा होतो. दलदलीचा निचरा करून शेत काढणे आणि मोकळ्या पाणथळीवर हळूहळू झाडोरा चढून सावली दाटणे, या दोहोंचा परिणाम शेवटी एकच होतो.

परजीवी हा उपद्रवी, तेव्हा तो गेला तर पोशिंद्याचे भलेच, हा समज या ठिकाणी टिकत नाही. पोशिंद्याची वस्ती भरभक्कम असेल तरच तिच्यातून आपला वाटा काढणारा परजीवी तगू शकतो. म्हणून पोशिंदा घटू लागला की त्याच्याही आधी परजीवी दिसेनासा होतो आणि त्याचे असणे हीच त्या पाणथळीच्या सुस्थितीची साक्ष ठरते. एपिओलॉइडिससाठी वेगळे घरटे बांधून देता येत नाही की वेगळे अन्न पुरवता येत नाही. तिला वाचवायचे तर ओल, पिवळे फूल आणि तेल गोळा करणारी माशी यांना वाचवावे लागते. त्याला दुसरा मार्ग नाही.