बाभळीचे लाकूड

धान्याच्या व्यापाऱ्याने लाकडावर लेख लिहावा, याचे काही सभासद बंधूंस नवल वाटेल. परंतु खेड्यांतून पेठेत ज्वारीची पोती ज्या बैलगाड्यांनी आणली, त्यांचा भार बाभळीनेच सोसला, हे आम्ही कसे विसरावे?

बेळगाव-अथणीकडील काळ्या रानात बाभूळ बांधावर आपोआप उगवते, म्हणूनच तिची कोणी किंमत करीत नाही. ताजा कापलेला गाभा गुलाबी दिसतो; वारा लागला की तो तांबूस व पुढे काळपट तपकिरी होतो. वाळलेल्या सागाचे वजन घनमीटरास साधारण ६५० किलो, तर बाभळीचे ८०० च्या आसपास भरते. तथापि तिचा खरा गुण वजनात नाही. तिचे तंतू एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे हादरा बसला तरी ती सहसा उकलत नाही. गाडीच्या चाकाचा तुंबा पाहावा. मधून आस गेलेला, सभोवती आऱ्यांसाठी भोके पाडलेली. लाकूड उरते तरी किती! त्यातच पाट्यांवर चढविलेली तापलेली लोखंडी धाव पाण्याने निवली की आकसते आणि सारे चाक आवळून धरते. हा दाब व रस्त्यातील प्रत्येक खड्डा तुंब्यानेच सोसावयाचा. या कामी सरळ रेषांचा सागदेखील तिची बरोबरी करीत नाही. नांगर, कुळव, मुसळ, तेलाच्या घाण्याची लाट, हत्यारांचे दांडे, सर्वत्र हाच गुण उपयोगी पडतो.

दारे व पेट्या यांसाठी मात्र बाभूळ घेऊ नये. लांब सरळ ओंडके क्वचितच मिळतात आणि रंध्यास ती सहजी दाद देत नाही. जाणते सुतार ती ओली असतानाच कापून घेतात.

तिचा मोठा शत्रू म्हणजे भुंगेरा. तो बाहेरील पांढऱ्या लाकडातील पिष्ट खातो व भुसा पाडतो. आमच्या कोठारातील दाणे पोखरणारा बारीक भुंगेरा याच्याच कुळातला आहे, ही आम्हा व्यापाऱ्यांस गंमत वाटेल! यावर जुना उपाय असा की, ओंडके काही महिने तळ्यात बुडवून ठेवीत, मग सावलीत हळूहळू वाळवीत. पाण्याने पिष्ट कमी होते व कीड कमी लागते.

हल्ली गाड्यांस रबरी टायर आले आणि बांधावरील जाड ओंडकेही सरसकट जळणाच्या भावाने जातात. ज्या सभासदांची शेते आहेत, त्यांनी विकण्यापूर्वी ओंडक्याचे टोक पाहावे. तांबडा गाभा रुंद असेल तर सुतारास किंवा घाणेवाल्यास आधी विचारावे. लाकडी घाणा विकत घेणाऱ्यांनीही लाटेत पांढरा पट्टा राहिलेला नाही ना, हे पाहून घ्यावे.

विलायती किंवा वेडी बाभूळ हे मात्र अमेरिका खंडातून आलेले निराळे झाड आहे. तिचा फुलोरा लांबट तुऱ्यासारखा असतो. आपल्या बाभळीस पिवळे गोल गोंडे व मण्यांच्या माळेसारख्या शेंगा येतात.