न्यूट्रलमधली खडखड

२०२३ मध्ये पोर्शने ९११ एसटी नावाची गाडी आणली. आपल्या लाल परीशी तिचं साम्य नावापुरतंच. ५२५ अश्वशक्तीचं, ९,००० आरपीएमपर्यंत चढणारं इंजिन, हाताने टाकायचे सहा गिअर आणि जगभरासाठी मिळून फक्त १,९६३ गाड्या. ही गाडी इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये उभी केली की मागच्या बाजूने खडखड ऐकू येते, पत्र्याच्या डब्यात सुटी नाणी टाकून कुणी हलवत बसावं तशी. क्लच दाबला की आवाज गायब. पाय उचलला की पुन्हा हजर. हीच खडखड हौसेने मॉडिफाय केलेल्या एखाद्या गाडीतून आली, तर मालकाच्या पोटात गोळा येतो आणि गिअरबॉक्स खाली उतरवण्याची बोलणी सुरू होतात.

बहुतेक वेळा त्याची काही गरज नसते. आवाज गिअरबॉक्समधून येतो हे खरं, पण त्याचं मूळ इंजिनात असतं.

न्यूट्रल म्हणजे गिअरबॉक्स थांबलेला, असा सर्वसाधारण समज आहे. गाडी थांबलेली असते, गिअरबॉक्सच्या पोटात मात्र बरंच काही फिरत असतं. क्लचवर पाय नसेल तर इंजिन गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट फिरवत राहतं. आजच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये पुढे जाण्याच्या सगळ्या गिअरच्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्या असतात. प्रत्येक जोडीतला एक गिअर शाफ्टला पक्का असतो, दुसरा शाफ्टवर मोकळा फिरतो. आपण गिअर टाकतो म्हणजे त्या मोकळ्यांपैकी एकाला शाफ्टशी बांधतो, एवढंच. न्यूट्रलमध्ये सगळेच मोकळे गिअर नुसते गरगरत असतात, कुणावरच भार नसतो. शिवाय दात्यांमध्ये थोडी फट ठेवावीच लागते. नाहीतर तापून फुगलेले गिअर एकमेकांत करकचून बसतील आणि तेलाला आत शिरायला जागाच उरणार नाही. मेस्त्री लोक या फटीला ‘प्ले’ म्हणतात.

इंजिन अगदी एका लयीत फिरत असतं, तर ही फट असूनही काही ऐकू आलं नसतं. पण पिस्टनचं इंजिन धक्क्याधक्क्याने फिरतं. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरची पाळी दोन फेऱ्यांत एकदा येते. म्हणजे सहा सिलिंडरचं इंजिन ८०० आरपीएमवर नुसतं चालू ठेवलं, तर सेकंदाला ४० स्फोट होतात. दर स्फोटाला क्रँकशाफ्ट जरासा पुढे झेपावतो, पुढचा स्फोट होईपर्यंत जरासा रेंगाळतो. त्याला जोडलेला इनपुट शाफ्टही तेच करतो. मोकळ्या गिअरला स्वतःचं वजन आहे. त्याला इतक्या झटपट वेग बदलता येत नाही. मग दाता आधी समोरच्या दात्यावर आपटतो, मग मागच्यावर. सेकंदाला अनेकदा, आणि अनेक जोड्यांत एकाच वेळी. याच आपटण्याची खडखड होते. गाडी चालू लागली की कामाला लागलेल्या जोडीचे दाते भाराने एकाच बाजूला दाबले जातात, आणि वेग वाढला की क्रँकशाफ्टची धरसोडही कमी होते.

थोडक्यात, ही खडखड कुठल्याही मॅन्युअल गाडीत संभवते. कारखान्यातून आलेल्या बहुतेक गाड्यांत ती ऐकू येत नाही, कारण कुणीतरी ती दाबण्यासाठी बराच खर्च केलेला असतो.

पोर्शचाच इतिहास पाहा. १९७८ च्या ९११ एससीमध्ये क्लच प्लेटच्या मधोमध रबराचा जाड भाग बसवला गेला, कमी वेगात गिअर वाजू नयेत म्हणून. रबराने धक्के गिळलेही, पण वर्षं सरली तशी ते फाटू लागलं आणि अनेक मालकांनी त्याजागी स्प्रिंगवाली प्लेट घातली. दरम्यान १९८५ मध्ये जर्मनीतल्या ब्यूल गावच्या लूक कंपनीने ड्युअल मास फ्लायव्हीलचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं. (लूक आज शेफलर समूहात आहे, आणि शेफलर इंडियाचं मुख्य कार्यालय पुण्यात.) या फ्लायव्हीलमध्ये क्रँकशाफ्टच्या टोकाला बसणाऱ्या एका जड चकतीऐवजी दोन चकत्या असतात, एक इंजिनाच्या बाजूला, दुसरी क्लचच्या बाजूला. दोघींच्या मध्ये लांब, कमानदार स्प्रिंगा. इंजिनाकडची चकती झेपावते, रेंगाळते. स्प्रिंगा आकसतात, सुटतात. गिअरबॉक्सकडची चकती जवळपास एका लयीत फिरत राहते. नंतरच्या ९६४ पिढीच्या ९११ मध्ये पोर्शने असंच दुहेरी फ्लायव्हील घेतलं, पण सुरुवातीला स्प्रिंगांऐवजी पुन्हा रबराचंच, फ्रॉयडेनबर्ग कंपनीचं. तेही टिकलं नाही. शेवटी लूकच्या स्प्रिंगाच आल्या.

एवढी खटपट करून मिळवलेली शांतता त्याच ९६४ च्या आरएस मॉडेलमध्ये पोर्शने स्वतःच काढून टाकली. १९९१ पासून विकल्या गेलेल्या या गाडीत मागच्या सीट नाहीत, पॉवर स्टिअरिंग नाही, चाकं मॅग्नेशियमची, आणि फ्लायव्हील हलकं, एकाच चकतीचं. हलकं फ्लायव्हील फिरवायला इंजिनाला कमी कष्ट पडतात. अॅक्सिलरेटरला नुसता पाय लावला तरी काटा उडी मारतो. त्याच्या बदल्यात न्यूट्रलमधली खडखड आली. आणखी एक खोड लागली: थांबताना क्लच दाबला की काटा इतक्या वेगाने खाली येई की इंजिन कधीकधी बंदच पडे. ज्यांना हे नको होतं त्यांच्यासाठी याच आरएसचं टूरिंग रूप होतं, त्यात दुहेरी फ्लायव्हील कायम ठेवलं होतं. पुढे २०१६ च्या ९११ आरमध्ये हलकं फ्लायव्हील मागणीनुसार बसवून मिळत होतं. म्हणजे कारखान्याकडून ही खडखड पैसे मोजून विकत घेता येत होती, आणि लोक घेत होते! एसटीमध्ये तर हलका क्लच आणि एका चकतीचं फ्लायव्हील मिळून फिरत्या भागांचं वजन १०.५ किलोने उतरवलं आहे.

मॉडिफाय करणारे बाहेर तेच करतात, फक्त खडखड होणार हे त्यांना नेहमीच कुणी आधी सांगत नाही. निसान ३५० झेड ही साडेतीन लिटरची, व्ही-सिक्स इंजिनाची जपानी स्पोर्ट्‌स कार याचं ठळक उदाहरण. तिला कारखान्यातून दुहेरी फ्लायव्हील येतं. क्लच बदलायची वेळ आली की मालक म्हणतो, गिअरबॉक्स उतरतोच आहे तर हलकं फ्लायव्हीलही घालून टाकू. गाडी गॅरेजमधून बाहेर पडते, पहिल्या सिग्नलला न्यूट्रलमध्ये थांबते, आणि खडखडू लागते.

इथे एक चूक हमखास होते. दुहेरी फ्लायव्हीलच्या पुष्कळ गाड्यांत क्लच प्लेटमध्ये स्प्रिंगा नसतात, कारण धक्के गिळायचं काम फ्लायव्हील करत असतं. ते काढून एका चकतीचं बसवलं आणि जोडीला तीच जुनी ताठ प्लेट ठेवली, तर धक्के गिळणारं मध्ये काही उरतच नाही. आवाज दुप्पट वाटतो. एका चकतीच्या फ्लायव्हीलसोबत मधोमध स्प्रिंगा असलेली प्लेट हवीच. इंजिन-गिअरबॉक्सची मूळ रबरी माउंटिंग काढून कडक माउंटिंग घातली असतील, तर खडखड वाढत नाही, पण थेट सीटखाली येऊन पोचते. स्पोर्ट कॅमशाफ्टमुळे इंजिन अडखळत चालत असेल तर मात्र खडखडच वाढते. नुसतं इंजिन १०० आरपीएमने जलद चालवलं तरी पुष्कळ फरक पडतो. जाड तेल हा दुसरा लोकप्रिय उपाय, आणि तो वाईट: गिअर गप्प होतात, पण थंडीच्या सकाळी दुसरा गिअर पडता पडत नाही.

तरीही खरा बिघाड असू शकतोच, आणि तो ओळखायला फार हत्यारं लागत नाहीत. इंजिन चांगलं गरम करायचं, कारण थंड, घट्ट तेल ही खडखड झाकून ठेवतं. हँडब्रेक ओढायचा, न्यूट्रलमध्ये ठेवायचं. क्लच दाबल्यावर आवाज थांबला तर दोनच संशयित उरतात, मोकळे गिअर किंवा इनपुट शाफ्टचं बेअरिंग. मग क्लच सोडून हळूहळू रेस द्यायची. १,५०० आरपीएमच्या आसपास खडखड विरून गेली तर गिअरच वाजत होते. उलट आरपीएमसोबत एकसंध घरघर चढत गेली तर बेअरिंग गेलं आहे. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर बोट क्लचच्या रिलीज बेअरिंगकडे दाखवायचं. आणि कालपर्यंत शांत असलेली, कुणी हात न लावलेली गाडी आज अचानक खडखडू लागली, तर गिअरबॉक्सआधी इंजिन तपासावं: एखादा प्लग किंवा इंजेक्टर नीट काम करत नसेल तर स्फोट असमान होतात आणि गिअर बोंब मारतात.

शेवटची खात्री तेलाची. गिअरबॉक्सचं तेल काढायच्या बोल्टला बहुधा लोहचुंबक असतं. त्यावर बोटाला लागेल असा काळसर, गुळगुळीत लेप असला तर तो रोजच्या झिजेचा. कापडाने पुसावा, नवं वॉशर लावून बोल्ट आवळावा, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं तेल भरावं. त्या लेपात नखाला टोचणारे कण किंवा दात्याचे तुकडे सापडले, तर मात्र गिअरबॉक्स खाली उतरवण्यावाचून इलाज नाही.