शिटी आणि निरोप

कर्जत स्थानकावर पुण्याकडे जाणाऱ्या पुष्कळशा गाड्यांना बोरघाटाच्या चढणीसाठीं मागून जादा इंजिनें जोडतात. इंजिनाच्या शिटीला ठराविक अर्थ असतो. पण धो धो पावसांत ती नीट ऐकूं येईलच असें नाहीं. म्हणून पुढचा मार्ग मोकळा आहे कीं नाहीं, हें स्थानकें शिटीवरून ठरवीत नाहींत. तो निरोप निराळ्या वाटेनें जातो.

दूरध्वनीचीही हीच गोष्ट आहे. जुन्या जोडणींत बोलणें व खुणा एकाच तारेवरून जात. पलीकडच्यानें फोन ठेवला, हें यंत्राला पुष्कळदां नुसत्या सुरावरून ताडावें लागे. गेल्या शतकाच्या अखेरीस आलेल्या आय. एस. डी. एन. पद्धतीनें या दोहोंची फारकत केली. तिच्या साध्या जोडणींत आवाजाचे दोन मार्ग असतात. प्रत्येकावरून सेकंदाला शून्य-एकाचे ६४,००० अंक धांवतात. तिसरा मार्ग १६,००० अंकांचा, मुख्यतः निरोपांसाठीं राखलेला. फोन आला, घंटा वाजली, उचलला, ठेवला, हें सारें त्या मार्गानें स्पष्ट कळतें.

मग यंत्राला कान कशाला हवा? १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. अशा एखाद्या रात्रीसाठीं मदतकेंद्रांत उत्तर देणारें यंत्र ठेवलें आहे, असें समजा. “दरडीची वर्दी देण्यासाठीं १ दाबा,” असें तें सांगतें. फोन जुळल्यानंतर दाबलेली ही कळ मात्र सूर होऊन आवाजाच्याच मार्गानें येते.

‘१’ म्हणजे सेकंदाला ६९७ व १२०९ कंपनांचे दोन सूर एकदम. सर्व कळांसाठीं असे आठच सूर आहेत. चार खालचे, चार वरचे. यंत्र आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने तपासतें आणि जेराल्ड गर्ट्झेल यांनीं १९५८ सालीं मांडलेल्या गणितानें केवळ या आठांचें बळ मोजतें.

परंतु माणसाच्या आक्रोशांतही हे सूर क्षणभर जुळूं शकतात. म्हणून दोन्ही गटांतून एकेकच सूर प्रबळ असावा, दोहोंचें बळ जवळपास सारखें असावें आणि ते सेकंदाच्या सुमारें पंचविसाव्या भागापर्यंत टिकावेत, अशा अटी घालतात. अटी सैल केल्या तर हंबरडा कळ ठरून फोन भलतीकडे जाईल. फार आवळल्या तर खरखरत्या तारेवरची खरी कळ ऐकूं येणार नाहीं.

यांतून शहाणा नियम निघतो तो असा: ऐकूं आलेल्या सुरावरून फोन तोडूं नये, तोडावयाचा तो तिसऱ्या मार्गाच्या निरोपावरूनच. कळ उमगली नाहीं तर एकदां पुन्हां विचारावें, आणि तरीही न उमगल्यास फोन जागत्या माणसाकडे सोंपवावा. यंत्राच्या कानाला शंका आली, तर तिचा फायदा हांक मारणाऱ्यालाच मिळाला पाहिजे.